माझ्या बाजूचे सेनापती

ऐतिहासिक लढाईचा चित्रपट मी इतिहासासाठी पाहतो, असं वर्षानुवर्षं सांगत आलो. सांगायला बरं वाटतं. पारगाव-खंडाळ्यासारख्या गावात, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडून लोकांची अपेक्षाही तीच असते. गुरुजी पिक्चर बघून आलेत, आता चुका सांगणार. मीही सांगतो. जिरेटोप असा नव्हता, तलवारीची मूठ अशी नव्हती, त्या साली तो किल्ला आपल्याकडं नव्हताच. ऐकणारे माना डोलावतात, कुणीतरी चहा सांगतो. पण थिएटरच्या अंधारात मी इतिहास शोधत नसतो. माझ्या सेनापतीला कुणी लहान तर केलं नाही ना, आणि ज्याच्यावर माझा राग आहे तो पुरेसा काळा रंगवलाय ना, एवढंच पाहत असतो. चुका मोजायचं काम त्यानंतरचं. तेही निवडून.

हंबीरराव मोहित्यांचंच घ्या. खंबाटकी घाट ओलांडला की पलीकडं वाईचा मुलूख. १६८७ च्या अखेरीस याच मुलखात सर्जाखानाच्या फौजेशी लढताना सरसेनापती हंबीरराव तोफेचा गोळा लागून पडले. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण सेनापती गेला. २०२२ मध्ये प्रवीण तरडे यांचा ‘सरसेनापती हंबीरराव’ आला, त्यात मुख्य भूमिकाही त्यांचीच. तीनच वर्षांनी ‘छावा’त तेच हंबीरराव आशुतोष राणांच्या चेहऱ्यानं दिसले. दोन्ही वेळा माझी छाती फुगली. तळबीड आपल्या जिल्ह्यातलं, वाई तर घाटापलीकडंच, म्हणजे माणूस घरचा. त्या फुगलेल्या छातीनं मी किती चुका शोधल्या? एकही नाही. पडद्यावर एका माणसानं किती जण कापले याचा हिशेब मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नक्की मांडला असता. हंबीररावांच्या बाबतीत तो मांडावा असं मनातही आलं नाही.

आणि गंमत अशी की हंबीररावांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रसंग तलवारीचा नाहीच. १६८० च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराज गेले. रायगडावर सोयराबाईंनी आणि काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवायचं ठरवलं. सोयराबाई हंबीररावांची सख्खी बहीण, राजाराम सख्खा भाचा. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे शंभूराजांना धरायला पन्हाळ्याकडं निघाले. हंबीररावांनी त्यांनाच वाटेत कैद केलं आणि शंभूराजांपुढं उभं केलं. बहिणीच्या विरुद्ध, भाच्याच्या हक्काविरुद्ध. का? थोरल्या मुलाचा हक्क त्यांना न्यायाचा वाटला म्हणून? फौज कुणाच्या मागं जाईल हे ओळखलं म्हणून? दाराशी औरंगजेब येणार असताना लहान मुलाची गादी टिकणार नाही, असा सेनापतीचा रोखठोक हिशेब होता म्हणून? त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते कुठल्याच कागदात नाही. पडद्यावर कुणीतरी ते संवादानं भरून काढणारच. मला त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्याबद्दल आहे. वर्गात एवढी वर्षं हंबीरराव शिकवताना मी हा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिला नाही. तोफेचा गोळा मात्र दरवर्षी सांगितला.

समोरच्या सर्जाखानाची तर मी कधी चौकशीच केली नाही. तो मुघलांचा सरदार, एवढं पुरे होतं. खरं म्हणजे तो विजापूरचा. १६८६ च्या सप्टेंबरात सिकंदर आदिलशहानं विजापूर औरंगजेबाच्या हवाली केलं, तोवर हा माणूस त्याच औरंगजेबाशी लढत होता. राज्य बुडालं, चाकरी बदलली, रुस्तुमखान हा किताब मिळाला आणि वर्षभरात तो वाईला आपल्यावर चालून आला. पुढं १६९० मध्ये साताऱ्याजवळ मराठ्यांनी त्याला कुटुंबकबिल्यासह पकडलं. एका माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ. पडद्यावर त्याच्या वाट्याला काय आलं हे मला आता आठवतही नाही, आणि न आठवण्यात दोष चित्रपटाचा की माझा, हे सांगणं अवघड आहे.

अचूकतेचा माझा आग्रह कुठं जागा होतो, हेही एकदा तपासून पाहिलं. २०२२ च्या डिसेंबरात महेश मांजरेकरांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’चं पहिलं दृश्य बाहेर आलं. शिवाजी महाराजांच्या वेषात अक्षयकुमार, आणि वर झुंबरात विजेचे दिवे! सगळा महाराष्ट्र हसला. मीही हसलो, चार जणांना फोन करून हसलो. विजेचा दिवा दोनशे वर्षं आधी कसा आला म्हणे! ‘छावा’ची झलक आली तेव्हा शंभूराजे लेझीम खेळताना दिसले. त्यावर गदारोळ झाला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. तेव्हाही मी ठामपणे बोलत होतो. दिवा, लेझीम, जिरेटोप. डोळ्यांना दिसणाऱ्या चुका पकडायला काय लागतं? त्या पकडण्यात हुशारी मिरवता येते आणि गमवावं काहीच लागत नाही. सेनापतीनं घेतलेला निर्णय बरोबर होता का, तो तसा का घेतला, तिथं मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

प्रतापराव गुजरांच्या बाबतीत तर फारच. तो माणूस खटाव तालुक्यातल्या भोसरे गावचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यातला. १६७३ मध्ये आताच्या सांगली जिल्ह्यात, जतजवळच्या उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेचं पाणी तोडलं. उन्हाळ्याचे दिवस, दुष्काळी मुलूख. पाण्यावाचून घोडी आणि माणसं तडफडायला लागली आणि खान शरण आला. सेनापती म्हणून प्रतापरावांची सगळ्यात देखणी करामत कुठली असेल तर ती ही. जागा हेरली, पाणवठा धरला, शत्रूला गुडघ्यावर आणलं. पुढं त्यांनी खानाला सोडून दिलं. महाराज संतापले, कारण सुटलेला खान पुन्हा येणार हे त्यांना दिसत होतं, आणि तो आलाच. मग २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत, सगळी फौज मागं ठेवून, सरनौबत मूठभर स्वारांनिशी खानाच्या सैन्यात शिरले आणि मारले गेले.

हा धडा मी अनेक वर्षं घेतला. उमराणी एका वाक्यात उरकायचो. पाण्याला वर्गात कोण टाळ्या वाजवणार? नेसरीला मात्र आवाज चढवायचो, फळ्याकडं पाठ करायचो. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. ती शांतता मला हवी असायची, हे आज कबूल करतो. कुसुमाग्रजांची कविता त्या प्रसंगावर आहे, तिचं सामर्थ्य वेगळं. कवीनं वेडाला वेड म्हणायचं धाडस केलंय. मी त्या वेडालाच सेनापतिपद म्हणत होतो. संपूर्ण फौजेची जबाबदारी ज्याच्यावर, त्यानं ती फौज सोडून असं जावं का? राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर होता, आणि राज्याचा सेनापती एका खिंडीत संपला. हा प्रश्न विचारला तर प्रतापराव लहान होतात, अशी मला भीती वाटायची. होतात का? महाराजांनी त्यांच्या मुलीचं राजारामांशी लग्न लावून तिला सून करून घेतलं. ज्यानं कठोर शब्दांत जाब विचारला, त्यालाच त्या माणसाची किंमत सगळ्यात जास्त ठाऊक होती. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे महाराजांना कळत होतं. वर्गातल्या मुलांना कळणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता ‘छावा’. २०२५ च्या फेब्रुवारीत तो आला. थिएटरात माणसं रडत होती, घोषणा देत होती. मीही रडलो, त्याची लाज नाही. लाज दुसऱ्याच क्षणाची वाटते. संगमेश्वरची वाट शत्रूला दाखवणारे म्हणून गणोजी आणि कान्होजी शिर्के पडद्यावर आले, तेव्हा हळहळीच्या आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं. सापडला! ज्याच्यामुळं झालं तो सापडला. आता बाकी काही विचारायची गरज नाही.

बाकी विचारण्यासारखं पुष्कळ होतं. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी शंभूराजांना पकडलं मुकर्रबखानानं. मूळचा शेख निजाम, गोवळकोंड्याचा नावाजलेला सरदार, नंतर मुघलांकडं आलेला. तो कोल्हापूरकडं होता. त्यानं हेर पेरले, राजे संगमेश्वरला असल्याची बातमी मिळताच निवडक स्वार घेतले आणि सह्याद्रीचे अवघड घाट झपाट्यानं उतरून कुणाला चाहूल लागायच्या आत तो गावात शिरला. खाफीखानासारखे मुघलांकडचे इतिहासकार खानाच्या हेरांचं आणि त्या दौडीचं वर्णन करतात. शिर्क्यांचा आणि राजांच्या मर्जीतल्या कवी कलशाचा झगडा आदल्या वर्षी पेटला होता, राजे स्वतः शिर्क्यांवर चालून गेले होते, वैर होतंच. गणोजींच्या नावावर संशय पिढ्यान् पिढ्या आहे. पण संशय आणि पुरावा यांत अंतर असतं, हे मी मुलांना ‘ऐतिहासिक साधने’ या प्रकरणात शिकवायचो. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता तो!

फितुरी म्हटलं की काय काय सोपं होतं, ते पाहा. शत्रूचा सेनापती हुशार होता असं मान्य करावं लागत नाही. आपल्या बाजूनं पहाऱ्यात, बातमीदारीत कुठं ढिलाई झाली का, हे पाहावं लागत नाही. हंबीरराव वाईला पडल्यावर फौजेची घडी कशी विस्कटत गेली, याचा विचार करावा लागत नाही. घाट उतरून येणारा मुकर्रबखान खऱ्याखुऱ्या कौशल्यानिशी पडद्यावर दाखवला असता तर मला तो सहन झाला असता का? मला वाटतं, मी बाहेर येऊन म्हटलं असतं की दिग्दर्शकानं शत्रूचं कौतुक केलं.

शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. अब्रूनुकसानीच्या दाव्याची भाषा झाली. उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. आपण नुसती नावं घेतली, आडनाव आणि गाव घेतलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पेपरात हे वाचून मी शेजाऱ्याला म्हणालो, “सव्वातीनशे वर्षं उलटून गेली, आता कसली अब्रू?” बोलून चहा घेतला. हंबीररावांमुळं छाती फुगताना हीच सव्वातीनशे वर्षं कुठं गेली होती, हे मात्र लक्षात यायला काही दिवस जावे लागले. घेण्याचं माप एक आणि देण्याचं दुसरं, असं ठेवणाऱ्या दुकानदाराला आम्ही गावात नावं ठेवतो. कीर्ती तीनशे वर्षांनी माझ्या घरी यावी आणि कलंक मात्र तीनशे वर्षांनी त्यांच्या दारातून हलू नये, हे कुठलं माप?

२०२२ मध्ये नीरेपलीकडच्या भोर खोऱ्यातही हेच झालं होतं. ‘हर हर महादेव’मधल्या चित्रणावर जेधे आणि बांदलांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, ठाण्यात खेळ बंद पाडण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मी वंशजांच्या बाजूनं होतो. कारण? तिथं मला माझे वाटणारे लोक दुखावले होते. खेळ बंद पाडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण तसं मोठ्यानं कुठं बोललो नाही.

हे काही आपल्याच मातीचं वैशिष्ट्य नाही. १९७७ मध्ये रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा ‘अ ब्रिज टू फार’ आला. १९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमधला आर्नहेमचा पूल घ्यायचा दोस्तराष्ट्रांचा बेत फसला, त्याची ती कथा. त्यात लेफ्टनंट जनरल ब्राउनिंगचं काम डर्क बोगार्डनं केलं. खरे ब्राउनिंग १९६५ मध्येच वारले होते. त्यांची बायको म्हणजे ‘रेबेका’ लिहिणारी डॅफ्ने द्यू मोरिए. सगळ्या अपयशाचं खापर आपल्या नवऱ्याच्या माथी फोडलं, असं तिला वाटलं आणि ती संतापली. ज्याचा तो बेत होता तो माँटगोमेरी त्या चित्रपटात पात्र म्हणून नाहीच. पराभवाची गोष्ट सांगायची तर एक तरी माणूस असा लागतो ज्याच्याकडं प्रेक्षकाला बोट दाखवता येईल, आणि त्यातही मेलेला असेल तर सोयीचं. द्यू मोरिएचा राग मला वाचताक्षणी समजला. शिर्क्यांचा समजायला मात्र वेळ लागला. बायको असणं आणि इतक्या पिढ्यांनंतरचा वंशज असणं सारखं नाही, हे खरं. पण गावात राहणाऱ्या माणसाला पिढ्यांची मोजदाद फार उपयोगाची नसते. आडनाव रोज दारावरच्या पाटीवर असतं.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते वर्गात पाहिलं होतं.

१६८९ च्या नोव्हेंबरात रायगड इतिकादखानाच्या हाती पडला, तोच पुढं झुल्फिकारखान झाला. वाईच्या देशमुखीच्या मोहानं सूर्याजी पिसाळानं किल्ला फितवला, ही गोष्ट आपल्याकडं इतकी पक्की आहे की त्या माणसाचं नावच शिवीसारखं वापरतात. त्या कथेला कागदांचा आधार किती, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण वाई आमच्या शेजारची, त्यामुळं ती आडनावाची मुलंही वर्गात यायची. एकदा रायगडचा पाडाव शिकवताना मी ते नाव घेतलं आणि सगळा वर्ग मागं वळून एका मुलाकडं बघायला लागला. कुणीतरी खुसखुसलं. त्या मुलानं वहीत डोकं घातलं. मी काय केलं? पुढचं वाक्य सांगितलं. वर्गाची गंमत चालली होती, मुलं लक्ष देत होती, मला ते मोडायचं नव्हतं. “यावर इतिहासकारांचं एकमत नाही,” एवढं एक वाक्य बोलायला किती श्वास लागला असता? ते वाक्य मला ठाऊक होतं. घरी पुस्तकात त्या जागी पेन्सिलीची खूणही होती.

चित्रपट काढणाऱ्याला निदान तीन तासांत गोष्ट बसवायची असते, कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात. माझ्याकडं फळा होता, खडू होता आणि अख्खं वर्ष होतं.

हे सगळं ध्यानात आल्यापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहतो, आणि त्यातून सुटत नाही. जो सेनापती मला प्रिय आहे त्याचं खरं, अवघड चित्रण मी पाहू शकेन का? शंभूराजांबद्दलच बोलू. १३ डिसेंबर १६७८. ते परळीच्या सज्जनगडावर होते, म्हणजे आमच्या साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथून निघून ते मुघलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. पुढच्या एप्रिलमध्ये दिलेरखानानं भूपाळगड घेतला. तो आताच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात बाणूरला आहे. शंभूराजे तेव्हा खानाच्या छावणीत होते. गडावर हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडल्याचं इतिहासकार नोंदवतात. मुघलांकडं गेल्यापासून साधारण वर्षभरानं शंभूराजे तिथून निसटून पन्हाळ्याला परत आले. १६८० च्या जानेवारीत शिवाजी महाराज त्यांना भेटले. तीन महिन्यांत महाराज गेले. नंतर नऊ वर्षं याच मुलानं औरंगजेबाला झुंजवलं, आणि शेवटी जे मरण पत्करलं त्यापुढं कुणाचीही मान खाली जाईल.

मला वाटतं, त्या मरणाचं मोठेपण त्या वर्षाशिवाय पुरतं कळतच नाही. एकदा वाट चुकून शत्रूच्या छावणीत राहिलेला तरुण, ज्याला त्या छावणीतली सुखं आणि क्रौर्य दोन्ही ठाऊक आहेत, तो पुढं त्याच बादशहासमोर साखळदंडात उभा राहतो आणि वाकत नाही. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या लेखकाला सुचेल? पण हे लिहितानासुद्धा माझा हात अडतो. कुणी दुखावेल का, कुणी अर्थ वाकडा काढेल का? बाहेरच्या लोकांची ही भीती थोडीफार खरी आहे. पण आत आणखी एक भीती आहे. निष्कलंक शंभूराजे हे माझंच एक समाधान आहे, आणि ते मला सोडवत नाही. महाराजांनी ते वर्ष डोळ्यांसमोर ठेवूनही मुलाला परत घेतलं. आणि आम्ही तिकीट काढून येणारे लोक मात्र ते वर्षच पडद्यावर येऊ देणार नाही!

‘छावा’ पाहून आल्यावर आमच्या आळीतल्या एका शाळकरी पोरानं विचारलं होतं, “गुरुजी, त्या गणोजीचं पुढं काय झालं?” मी सांगितलं. राजाराम महाराज जिंजीत अडकले होते, बाहेर झुल्फिकारखानाचा वेढा. गणोजी शिर्के तेव्हा मुघलांच्या छावणीत होते. महाराजांना वेढ्यातून निसटायला त्यांनी वाट करून दिली, अशी परंपरागत हकिगत आहे, आणि त्या बदल्यात खंडो बल्लाळांनी आपलं वतन त्यांना सोडलं. हे खंडो बल्लाळ कोण? १६८१ मध्ये शंभूराजांनी ज्या कारभाऱ्यांना देहदंड दिला, त्यांतल्या बाळाजी आवजींचा मुलगा.

पोरगं गोंधळलं. “म्हणजे गणोजी आपला का त्यांचा?”

“वतनाचा,” मी म्हणालो.

“मग हे पिक्चरमध्ये का नाही?”

“पिक्चर त्याच्या आधी संपतो.”

त्याला ते पटलं नाही. तोंड वाकडं करून तो खेळायला गेला. त्याला गणोजी एकाच रंगाचा हवा होता. मलाही हवा असतो. फरक इतकाच की त्याचं वय बारा आहे.

वतनाचा, असं मी त्याला झटकन सांगून टाकलं खरं. वतनासाठी माणसं काय करतात याबद्दल एवढ्या अधिकारानं बोलायला मी कोण? आमच्या घराण्याची जमीन हमरस्त्याच्या कडेला. रस्ता रुंद होताना काही गुंठे गेले, भरपाई आली आणि चुलत भावात आणि माझ्यात हिश्श्यावरून बिनसलं. बांध कुणाचा, वाटणी कधीची, सातबाऱ्यावर नाव कुणाचं. सुनावणी त्याच्या बाजूनं लागली. गावात मी सांगितलं की आमच्यातलाच एक माणूस त्याला फितूर झाला. लोकांनी हळहळ व्यक्त केली, मलाही ते खरं वाटू लागलं. खरं असं होतं की जुन्या वाटपपत्राची नक्कल मी वेळेत काढली नव्हती, आणि त्यानं त्याची बाजू नीट, कागदोपत्री, वेळेवर मांडली होती. मुकर्रबखानाची दौड मान्य करायला मला का जड जातं, हे तिथं मला कळलं.

शिरवळला नीरेकाठी सुभानमंगळ नावाचा भुईकोट आहे, त्याचे थोडे अवशेष उरलेत. १६४८ च्या सुमाराला विजापूरच्या फत्तेखानाच्या स्वारीत तो बाळाजी हैबतरावानं घेतला आणि शिवाजी महाराजांच्या कावजी मल्हारानं तो परत जिंकला. ‘शिवभारता’त त्या लढाईचं वर्णन आहे. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांपैकी एक, आमच्याच तालुक्यातली. तटाच्या आत बाळाजी, तटाच्या बाहेर कावजी. दोन्हीकडं आमच्यासारख्याच नावांची माणसं. या लढाईवर कुणी मोठा चित्रपट काढलेला नाही, आणि काढला तर बाळाजी हैबतरावाचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडेल. मला तो चित्रपट पाहायचा आहे. कुणी काढला तर बाळाजी समजून घ्यायची तयारी ठेवूनच मी जाईन, असं आज तरी वाटतं. प्रत्यक्ष अंधारात बसल्यावर काय होईल, याची मात्र हमी देत नाही. कावजीनं भाला उचलला की माझी छाती फुगणारच.

चुलत भावाशी बोलणं अजून बंद आहे. त्याच्याकडं पाहुणे जमले की जमिनीची गोष्ट निघते, असं कानावर येतं. त्या गोष्टीत माझंही पात्र असणार. ते कसं रंगवलंय, कोण जाणे. पण ती गोष्ट एकदाही न ऐकता, तिच्यात चुका कुठं कुठं असतील याची यादी मी मनात तयार करून ठेवली आहे.